आवाजाची नाममुद्रा

आषाढी वारीच्या दिवसांत संत तुकाराम महाराजांची पालखी पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतून मार्गक्रमण करते. काटेवाडीस धोतरांच्या पायघड्या अंथरल्या जातात, पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवाडीच्या मैदानात अश्व गोल रिंगण घेतात. पुढे निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटी ही गावे मागे टाकून पालखी नीरा नदी ओलांडते. या साऱ्या वाटेवर भजन, अभंग, गौळणी आणि ओव्या यांचा अखंड घोष चाललेला असतो. आज प्रत्येकाच्या हाती मोबाईल दूरध्वनी असल्यामुळे या घोषाचे ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची संख्याही मोठी असते.

परंतु वर्षभराने हीच मुद्रणे उघडून पाहिली म्हणजे काय आढळते? मोबाईलच्या पोटात पाच-पन्नास ध्वनिफाईली पडलेल्या असतात. कोणाच्या नावाच्या जागी नुसती तारीख असते, कोणाच्या जागी आकड्यांची लांबलचक माळ. फाईल वाजवली तर आवाज स्पष्ट ऐकू येतो. पण गाणारी कोण, ती कोणत्या गावची, हे गीत ती कोणाकडून शिकली, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. पडद्यावर 'अज्ञात कलाकार' एवढीच अक्षरे उमटतात. आवाज टिकला, पण आवाजाचा धनी हरवला, अशी ही अवस्था आहे.

ही अवस्था टाळण्याचा उपाय सोपा आणि बिनखर्चाचा आहे. ध्वनिफाईलच्या आतच तिची सविस्तर नोंद लिहून ठेवता येते. या नोंदीस तंत्रज्ञ 'मेटाडेटा' म्हणतात आणि व्यवहारात तिला 'टॅग' हे नाव रूढ झाले आहे. अशी नोंद लिहिणाऱ्या संगणक-आज्ञावली विनामूल्य उपलब्ध आहेत. शाळा, ग्रामपंचायती, सार्वजनिक वाचनालये आणि महिला बचत गट यांनी या साधनाची ओळख करून घेतल्यास गावोगावचा फार मोठा ठेवा वाचू शकेल.

संतांची जुनी रीत

नोंदीची ही कल्पना महाराष्ट्राला नवीन नाही. जमीन शेतात असते आणि तिची नोंद सातबाऱ्यावर असते. नोंद नसेल तर जमीन नाहीशी होत नाही, पण ती कोणाची हे सांगता येत नाही. जुन्या हस्तलिखित पोथ्यांच्या शेवटी लेखकाचे नाव, शक, तिथी आणि स्थळ लिहिण्याचा प्रघात होता. त्या मजकुरास पुष्पिका म्हणत. ज्ञानेश्वरीच्या समाप्तीस शके १२१२ हे वर्ष आणि लेखनिक सच्चिदानंदबाबा यांचे नाव नोंदलेले असल्यामुळेच त्या ग्रंथाचा काळ आज निश्चितपणे सांगता येतो.

संतांनी याही पुढचे पाऊल टाकले होते. अभंगाच्या अखेरच्या चरणात रचनाकाराचे नाव गुंफले जाई. तुका, नामा, जनी, चोखा ही नावे अभंगाचाच भाग झाली. यालाच नाममुद्रा म्हणतात. पोथीचे शेवटचे पान फाटले तर पुष्पिका जाते; परंतु नाममुद्रा गीताबरोबरच प्रवास करते. अभंग या मुखातून त्या मुखात गेला, या गावातून त्या गावात गेला, तरी नाव सुटत नाही. जात्यावर दळणाऱ्या जनाबाईंचे नाव सात शतकांनंतरही घरोघरी घेतले जाते, याचे एक कारण त्यांच्या अभंगांतील ही मुद्रा होय.

जनाबाईंप्रमाणेच पहाटे उठून जात्यावर बसणाऱ्या असंख्य स्त्रियांच्या ओव्यांना मात्र असे भाग्य लाभले नाही. त्या ओवीत भाऊ असतो, माहेर असते, पंढरीचा विठ्ठल असतो, सासरचा जाच असतो. पण रचणारीचे नाव सहसा नसते. आईकडून लेकीने आणि सासूकडून सुनेने ती उचलली. दळण सरले की ओवीही सरली. गावात पिठाची गिरणी आली, घरातील जाते कोपऱ्यात गेले आणि ओवी गाण्याचे रोजचे निमित्तच संपले. ज्यांना आजही शंभर-दोनशे ओव्या मुखोद्गत आहेत त्या बहुतेक स्त्रिया वृद्ध झाल्या आहेत. त्यांचा आवाज मुद्रित करावयाचा असेल आणि त्या आवाजापुढे त्यांचे नाव लिहावयाचे असेल, तर त्यासाठी फार काळ थांबता येणार नाही.

एका प्रकल्पाचा धडा

या क्षेत्रात महाराष्ट्रात झालेले एक काम आदर्शवत मानावे लागेल. पुण्यातील समाजविज्ञानविषयक सहकारी संशोधन केंद्राचे गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून ग्रामीण कार्यकर्त्यांच्या साहाय्याने जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह आरंभिला. मूळचे फ्रान्सचे असलेले प्वातव्हाँ यांनी पुण्यास आपले घर मानले आणि भारतीय नागरिकत्व स्वीकारले. हजाराहून अधिक गावांतील स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या टिपून घेण्यात आल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल या संगीताभ्यासकाने या कामास तांत्रिक जोड दिली आणि शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण डिजिटल फितींवर करण्यात आले. प्वातव्हाँ २००४ मध्ये आणि हेमा राईरकर २०१० मध्ये निवर्तल्या. तथापि त्यांचे काम थांबले नाही. ग्रामीण भारताचे लोकसंग्रहालय, अर्थात 'पारी', या संस्थेने २०१७ पासून या ओव्या ध्वनी, संहिता, अनुवाद आणि छायाचित्रे यांसह प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. त्यांत इंदापूर तालुक्यातील निमगाव केतकीच्या ओव्याही आहेत.

तीस वर्षांनंतर, मूळ संग्राहक हयात नसताना, नव्या कार्यकर्त्यांना हा संग्रह हाती घेऊन पुढे नेता आला, याचे रहस्य नोंदीत आहे. प्रत्येक ओवीस स्वतंत्र क्रमांक, विषयवार वर्गीकरणाचा संकेतांक, गाणाऱ्या स्त्रीचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा अशी माहिती जोडलेली होती. त्यामुळे एकाच विषयावरच्या शेकडो ओव्या एकत्र काढता येतात, तसेच एकाच गावच्या ओव्याही निवडता येतात. मुख्य म्हणजे कार्यकर्त्यांना त्या गावी पुन्हा जाऊन, पूर्वी गाणाऱ्या स्त्रियांचा शोध घेऊन, त्यांच्याशी बोलता आले. नोंद नसती तर हाती केवळ फितींचा ढीग उरला असता.

एवढ्या मोठ्या प्रकल्पाची साधने एखाद्या प्राथमिक शाळेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे नसतात, हे खरे. परंतु त्या प्रकल्पाचे तत्त्व मात्र लहानात लहान कामालाही लागू पडते. आवाज आणि नोंद ही एकमेकांपासून कधीही वेगळी होऊ नयेत, हे ते तत्त्व होय.

फाईलच्या पोटातील चिठ्ठी

कॅसेटच्या काळात डबीतील कागदावर गीतांची आणि गायकांची यादी छापलेली असे. तो कागद हरवला की कॅसेट मुकी होई. संगणकावर एमपी३ पद्धतीच्या ध्वनिफाईली आल्या तेव्हा आरंभी त्यांच्यातही गीताचे नाव लिहिण्याची सोय नव्हती. १९९६ मध्ये एरिक केम्प यांनी त्यावर एक युक्ती काढली. फाईलच्या अगदी शेवटी १२८ बाइट एवढी जागा जोडून तीत शीर्षक, कलाकार, संग्रह, वर्ष, शेरा आणि प्रकार ही माहिती बसविण्यात आली. या पद्धतीस 'आयडी३' असे नाव पडले. पोथीच्या शेवटी पुष्पिका असावी, तशीच ही योजना होती.

ही जागा मात्र फारच अपुरी होती. शीर्षक आणि कलाकार यांना प्रत्येकी ३० बाइटच मिळत. इंग्रजीचे एक अक्षर एका बाइटात मावते. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह, म्हणजे व्यंजन, काना, वेलांटी, मात्रा यांतील प्रत्येक खूण, युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेते. 'निमगाव केतकी' हे नाव लिहावयाचे झाल्यास अकरा चिन्हांचे ३३ आणि मधल्या मोकळ्या जागेचा १, असे ३४ बाइट लागतात. म्हणजे गावाचे नावदेखील त्या रकान्यात मावत नव्हते! शिवाय ती पद्धत युरोपीय लिपी डोळ्यांपुढे ठेवून बेतलेली असल्यामुळे मराठी मजकुराच्या जागी पुष्कळदा प्रश्नचिन्हांची रांग दिसे. गीतप्रकारांची ८० नावांची जी मूळ यादी होती, तीत साध्या 'लोकसंगीत' या प्रकारासही स्थान नव्हते; ते नंतरच्या विस्तारात मिळाले. मग ओवी, भारूड, गौळण यांना कोठून मिळणार?

१९९८ मध्ये या पद्धतीची दुसरी आवृत्ती तयार झाली आणि या अडचणी बव्हंशी दूर झाल्या. नोंदीची जागा फाईलच्या आरंभी आली, लांबीचे बंधन व्यवहारापुरते संपले, युनिकोडमधील देवनागरी मजकूर लिहिता येऊ लागला. प्रकाराच्या रकान्यात यादीबाहेरचा 'जात्यावरची ओवी' असा स्वतःचा शब्दही घालता येतो. गीताची संपूर्ण संहिता आणि चित्र यांसाठीही स्वतंत्र रकाने मिळाले. एफएलएसी, एम४ए इत्यादी अन्य प्रकारच्या फाईलींतही अशीच सोय आहे. काही जुन्या मोबाईलमधील एएमआर फाईलींत मात्र ती पुरेशी नसते. अशा फाईली जपून ठेवून त्यांची एमपी३ किंवा एफएलएसी प्रत करावी आणि त्या प्रतीत नोंद लिहावी.

फाईलचे नाव आणि फाईलमधील नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. फाईलचे नाव म्हणजे पाकिटावरचा पत्ता. नोंद म्हणजे आतील पत्र. एका मोबाईलवरून दुसऱ्या मोबाईलवर पाठविताना फाईलचे नाव अनेकदा बदलते. नुसत्या नाव बदलण्याने आतील नोंदीस धक्का लागत नाही. म्हणूनच महत्त्वाची माहिती केवळ नावात न ठेवता आत लिहावयाची.

आज्ञावलीचा वापर

नोंद लिहिण्यासाठी विंडोज प्रणालीवर एमपी३टॅग ही विनामूल्य आज्ञावली मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. किड३ ही मुक्त आज्ञावली विंडोज, लिनक्स आणि अँड्रॉइड मोबाईल या सर्वांवर चालते. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड ही आणखी एक मुक्त आज्ञावली आहे. ती ध्वनीच्या ठशावरून गीत ओळखते आणि जागतिक माहितीसाठ्यातून त्याची नोंद आपोआप भरते. प्रसिद्ध झालेल्या चित्रपटगीतांच्या वा तबकड्यांच्या संग्रहासाठी हा गुण उपयोगी आहे. गावातील आजीबाईंची ओवी मात्र त्या माहितीसाठ्यात असणे संभवत नाही. तेथे ओळख पटविण्याचे काम माणसानेच करावयाचे असते.

कामाची पद्धत एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, इंदापूर तालुक्यातील एका शाळेने सहा वृद्ध स्त्रियांच्या मिळून चाळीस ओव्या मुद्रित केल्या. या सर्व फाईली एका फोल्डरमध्ये ठेवून तो फोल्डर आज्ञावलीत उघडावा. उजवीकडे फाईलींची यादी आणि डावीकडे रिकामे रकाने दिसतात. प्रथम चाळीसही फाईली एकदम निवडून त्यांची सामाईक माहिती एकदाच भरावी: संग्रहाचे नाव, वर्ष, प्रकार, मुद्रण करणारी संस्था. नंतर एकेका स्त्रीच्या फाईली निवडून 'कलाकार' या रकान्यात तिचे नाव लिहावे. सर्वांत शेवटी प्रत्येक फाईलीचे शीर्षक, क्रमांक आणि शेरा भरावा. सामाईक माहिती चाळीस वेळा लिहिण्याचे श्रम यामुळे वाचतात. 'साठवा' ही आज्ञा दिल्याशिवाय नोंद फाईलीत उतरत नाही, हे नवशिक्यांनी विसरू नये. नोंदी पूर्ण झाल्यावर त्यांच्याच आधारे सर्व फाईलींना एकसारखी नावे देण्याची आणि संपूर्ण यादी तक्त्याच्या रूपात काढण्याची सोयही एमपी३टॅगमध्ये आहे.

रकाने मुळात व्यापारी संगीतासाठी बेतलेले असल्यामुळे लोकगीतांसाठी त्यांचा अर्थ थोडा जुळवून घ्यावा लागतो. शीर्षकाच्या जागी ओवीचे पहिले चार-पाच शब्द द्यावेत, कारण ओवीला वेगळे शीर्षक नसते. कलाकाराच्या जागी गाणारीचे स्वतःचे पूर्ण नाव असावे. अमक्याच्या मातोश्री किंवा तमक्याच्या सौभाग्यवती अशी नोंद करू नये. रचनाकार माहीत नसल्यास तो रकाना रिकामा न ठेवता 'पारंपरिक' असे लिहावे. मात्र ओवी आपण स्वतः रचल्याचे गाणारीने सांगितले तर तेथे तिचेच नाव घालावे. संहितेच्या रकान्यात ओवी गायली तशी, बोलीतील शब्द न बदलता उतरवावी. प्रमाण भाषेच्या आग्रहाने बोलीचे रूप 'सुधारणे' म्हणजे पुराव्यात फेरफार करणेच होय.

शेऱ्याचा रकाना विशेष मोलाचा आहे. मुद्रणाची तारीख, स्थळ, मुद्रण करणाऱ्याचे नाव, प्रसंग आणि संमतीचा उल्लेख तेथे करावा. याशिवाय एक प्रश्न आवर्जून विचारावा: ही ओवी कोठे शिकलात? बारामती तालुक्यात नांदणारी स्त्री फलटण, माळशिरस वा दौंड भागातील माहेरची ओवी गात असेल. तेव्हा मुद्रणाचे गाव एक आणि ओवीचे गाव दुसरे, असे होऊ शकते. दोन्ही गावांची नोंद झाली तरच लेकीबाळींबरोबर ओव्या कशा प्रवास करीत गेल्या याचा माग लागतो.

लेखनातील एकरूपतेविषयीही दक्षता हवी. एकाने 'निमगाव केतकी', दुसऱ्याने 'निमगांव केतकी' आणि तिसऱ्याने 'नि. केतकी' असे लिहिले, तर माणसाला ते एकच गाव वाटेल; संगणकाला ती तीन गावे वाटतात. म्हणून गावांची आणि गीतप्रकारांची ठरावीक यादी आरंभीच करून ती भिंतीवर लावावी. मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. शिवाजी, कृतिदेव यांसारख्या जुन्या टंकांत लिहिलेला मजकूर अन्य यंत्रावर निरर्थक अक्षरांसारखा दिसतो. तारीख इंग्रजी महिन्याप्रमाणे पूर्ण द्यावी; तिथी किंवा सण शेऱ्यात असावा.

मुखचित्र कसे असावे

फाईल वाजू लागली की पडद्यावर जे चित्र उमटते त्यास मुखचित्र म्हणता येईल. तबकडीच्या वेष्टनावरील आणि कॅसेटच्या कागदावरील चित्राचाच हा वारसा आहे. महाजालावरून उचललेले एखादे फूल अथवा देवतेचे आकर्षक चित्र येथे चिकटविण्याचा मोह होतो. तो टाळावा. गाणाऱ्या स्त्रीचे तिच्या संमतीने घेतलेले छायाचित्र हे सर्वोत्तम मुखचित्र होय. तिची इच्छा नसल्यास तिच्या घरचे जाते, गावाची वेस किंवा ग्रामदैवताचे मंदिर यांचे स्वतः घेतलेले छायाचित्र योजावे. चित्रही पुरावाच असते.

चित्राच्या आकाराकडे मात्र लक्ष हवे. मुखचित्राची प्रत प्रत्येक फाईलीत स्वतंत्रपणे साठविली जाते. मोबाईलने काढलेले पाच मेगाबाइटचे छायाचित्र चाळीस फाईलींत घातले, तर केवळ चित्रांनीच २०० मेगाबाइट जागा व्यापली जाईल. तेच चित्र चौरस कापून, लांबी-रुंदी प्रत्येकी सुमारे ८०० बिंदू ठेवून, २०० किलोबाइटपर्यंत आणले तर चाळीस फाईलींना मिळून आठ मेगाबाइट पुरतात. मूळ मोठे छायाचित्र वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवावे.

संमती आणि मर्यादा

गाणाऱ्या व्यक्तीस आपल्या गायनावर कायदेशीर हक्क आहे. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ३८ मध्ये प्रयोगकर्त्याचा हक्क मान्य करण्यात आला असून त्याची मुदत ५० वर्षांची आहे. गायिका निरक्षर आहे, किंवा गीत पारंपरिक आहे, म्हणून हा हक्क नाहीसा होत नाही. मुद्रणापूर्वी त्याचा हेतू समजावून सांगावा, ते कोठे ऐकविले जाईल हे स्पष्ट करावे आणि संमती ध्वनिमुद्रितही करून घ्यावी. मुद्रित झालेली ओवी प्रथम त्या स्त्रीस व तिच्या घरच्यांस ऐकवावी. एखादी ओवी सासरच्या जाचाविषयी असते. ती गावभर वाजू नये असे तिला वाटले, तर त्या इच्छेचा मान राखला पाहिजे.

फाईलीतील नोंद कोणासही वाचता येते, हेही विसरून चालणार नाही. म्हणून दूरध्वनी क्रमांक, आधार क्रमांक, घरचा पत्ता किंवा आजाराविषयीची माहिती टॅगमध्ये लिहू नये. ती आवश्यक असल्यास संस्थेच्या नोंदवहीत सुरक्षित ठेवावी.

जतनाची शिस्त

ज्या मूळ फाईली मोबाईलमधून किंवा मुद्रणयंत्रातून आल्या, त्या जशाच्या तशा एका बाजूस ठेवाव्यात आणि नोंदी लिहिण्याचे काम प्रतींवर करावे. एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात रूपांतर करताना काही वेळा नोंद गळून पडते. म्हणून रूपांतरानंतर पाच-दहा फाईली उघडून तपासाव्यात. उत्तम प्रतीचे मुद्रण करण्याची सोय असल्यास ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सुचविलेले किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट हे मान वापरावे. दोन ध्वनिमार्गांच्या अशा मुद्रणास ताशी सुमारे एक गिगाबाइट जागा लागते. आजच्या साठवण-साधनांच्या मानाने ती फार नव्हे.

प्रत्येक संग्रहाच्या तीन प्रती असाव्यात. एक संगणकावर, दुसरी वेगळ्या साधनावर आणि तिसरी दुसऱ्या गावी किंवा दुसऱ्या इमारतीत. याखेरीज आज्ञावलीतून काढलेली यादी कागदावर छापून, आवक-जावक नोंदवहीप्रमाणे बांधून ठेवावी. यंत्र बिघडले तरी कागद बोलतो.

आणखी एक साधी रीत सर्वांत भरवशाची आहे. मुद्रण सुरू होताच, गाणे आरंभण्यापूर्वी, गाणारीने स्वतःच्या तोंडाने आपले नाव, गाव, माहेर आणि तारीख सांगावी. यास दहा सेकंद पुरतात. पुढे टॅग पुसला गेला, फाईलचे नाव बदलले, नोंदवही हरवली, तरी आवाजाबरोबर त्याची ओळख कायम राहते. संतांच्या नाममुद्रेचे हेच आजचे रूप म्हणावे लागेल.

स्थानिक प्रयत्नांना वाव

या कामास बारामती परिसरात अनुकूल भूमी आहे. विद्या प्रतिष्ठानची 'वसुंधरा वाहिनी' आणि कृषी विज्ञान केंद्राची 'शारदा कृषी वाहिनी' अशी दोन सामुदायिक नभोवाणी केंद्रे येथे स्थापन झाली. केंद्र शासनाच्या २००६ च्या धोरणानुसार अशा केंद्रांच्या कार्यक्रमांपैकी किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने तयार व्हावेत, अशी अपेक्षा आहे. प्रसारित कार्यक्रम तीन महिने जपून ठेवण्याचे बंधनही त्यात आहे. तीन महिन्यांनंतर मात्र त्या आवाजांचे काय होते, हा प्रश्न गावांनीच सोडवावयाचा आहे. नभोवाणीवर बोललेला शेतकरी, ओवी म्हणणारी आजी, दुष्काळाच्या आठवणी सांगणारे वृद्ध यांच्या मुद्रणाची एक प्रत नोंदीसह गावच्या वाचनालयात आली, तर पाच-दहा वर्षांत त्या गावाचा स्वतःचा ध्वनिसंग्रह उभा राहील.

शाळांना हा उपक्रम सहज पेलण्याजोगा आहे. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या आजीच्या पाच ओव्या मुद्रित कराव्यात, त्यांची संहिता उतरवावी आणि शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली टॅग भरावा. यात भाषा, भूगोल आणि संगणक या तिन्ही विषयांचा अभ्यास घडतो. ग्रामपंचायतीने एक साठवण-साधन आणि एक नोंदवही उपलब्ध करून द्यावी. ग्रामसेवकांनी गावांच्या नावांची प्रमाण यादी तयार करून द्यावी. यासाठी वेगळ्या निधीची वाट पाहावी लागेल असे नाही.

जात्याची घरघर थांबली, ती पुन्हा सुरू होणार नाही आणि व्हावी अशी कोणाची इच्छाही नसावी. त्या घरघरीत स्त्रियांचे पुष्कळ कष्ट होते. परंतु त्या कष्टांतून जे शब्द जन्मले त्यांवर त्या स्त्रियांचे नाव असणे हा त्यांचा हक्क आहे. पुढच्या वर्षी पालखी निमगाव केतकीस विसावेल, एखादी वृद्धा ओवी म्हणू लागेल आणि एखादा विद्यार्थी मोबाईल पुढे करील, तेव्हा त्याने गाण्याआधी एवढेच विचारावे: "आजी, तुमचं नाव काय?" आणि घरी गेल्यावर ते नाव त्या फाईलीत लिहून ठेवावे.